दप्तरांचे खांब

आत्या मैदानात आली की आधी झाडू मागायची, चेंडू नंतर.

मैदान म्हणायचं आपलं. शाळेच्या मागे कचऱ्याच्या गाड्या लावायची डांबरी जागा होती. गाड्या दुसरीकडे गेल्या, डांबर तेवढं राहिलं. तिन्ही अंगांना गोदामांच्या भिंती, चौथ्या अंगाला शाळेचं मागचं फाटक. पिणारे तिथे बसत आणि जाताना बाटल्या फोडून जात. म्हणून पोरांनी आधी काचा झाडायच्या, मग खेळायचं. झाडणं चुकवून जो उशिरा उगवेल, त्याने खेळ संपेपर्यंत भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. रडू आलं तर उभ्याउभ्या रडायचं.

नात्याने ती एकाच मुलीची आत्या होती, पण गल्लीतली सगळी पोरं तिला आत्याच म्हणत. पोरांच्या आया तिला ‘इस्त्री’ म्हणत, तेही पाठीमागे. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती. तिथे तापलेल्या रुळांचं एक यंत्र होतं. त्यातून चादरी काढायच्या. दोन बायकांनी दोन टोकं धरायची, ताण सारखा ठेवायचा आणि चादर रुळात सोडायची. एकीने ढिलं सोडलं की चादर तिरकी जाते, चुणी पडते, सगळं पुन्हा करावं लागतं. आत्याच्या चादरीला चुणी पडत नसे. मात्र तिच्यासोबत टोक धरणारी बाई फार दिवस टिकत नसे. “यंत्राची वाफ सोसेन, हिच्या तोंडाची नाही,” असं म्हणून एक तर नोकरीच सोडून गेली होती.

फुटबॉल ती जन्मात खेळली नव्हती. भावजय वारली तेव्हा भाची शाळा सुटल्यावर याच डांबरावर पोरांशी मारामाऱ्या करत फिरायची. एकदा चेंडूवरून डोकी फुटायची वेळ आली. आत्या कामावरून येत होती. तिने चेंडू उचलला, काखेत मारला आणि म्हणाली, “ज्याच्याकडे शाळेचं दप्तर असेल त्याने उद्या यावं. बाकीच्यांनी भिंतीवर डोकं आपटावं.”

गोलाला खांब नव्हते. मग दप्तरांचेच खांब झाले. इकडे एक चळत, तिकडे एक चळत. पण दप्तर चळतीवर जाण्याआधी आत्याच्या हातातून जायचं. ओल्या चादरी उचलून तयार झालेला हात तो. हलकं लागलं की ती दप्तर मालकाच्या पायाशी टाकायची. “रिकामी पिशवी घेऊन बाजारात जा. इथे काय काम?” दप्तर भरलेलं, म्हणजे पोर शाळेतून आलेलं. तिचा कायदा एवढाच. चेंडू लागून चळत पडली की गोल झाला की नाही यावर रोज भांडण जुंपायचं, ते वेगळं.

भाची गोलात उभी राहायची. चेंडू धरला की सोडायची नाही म्हणून तिला सगळे घोरपड म्हणत. डांबरावर झेपा टाकून तिच्या कोपरांना कायम खपल्या.

घोरपडीचा बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, त्या गोदामांपैकीच एकात पुठ्ठ्याची खोकी शिवायचा. पोरगी एका इयत्तेत नापास झाली तेव्हाच तो तिला खोक्यांवर बसवायला निघाला होता. आत्या आडवी आली. बहीणभाऊ एकाच माळ्यावर समोरासमोर राहत, त्यामुळे भांडायला जिनासुद्धा उतरावा लागत नसे.

“ठीक आहे ताई,” भाऊ म्हणाला होता. “शाळेत जातेय तोवर तुझी. बुडवलेली कळली की माझी. मग एक शब्द ऐकणार नाही.”

“कबूल,” आत्या म्हणाली होती.

अशात सर आले. पोरांना फुटबॉलच्या नादाने शाळेत टिकवायचं, असं काम करणारी त्यांची संस्था होती. माणूस वाईट नव्हता, पण गोड फार होता. आल्याआल्या म्हणाले, “मावशी, तुमचं काम मोठं आहे.”

“मी तुमच्या आईची बहीण नाही,” आत्या म्हणाली. “काय आणलंय ते दाखवा.”

त्यांनी जर्सी आणल्या, हातमोजे आणले आणि जाळी लावलेले दोन लोखंडी गोल आणले. पोरं वेडी झाली. जाळीला हात लावून बघायला रांग लागली. आत्याने खांबांचे जोड तपासले, बोल्ट हलवून बघितले आणि काही बोलली नाही. तिच्या बाबतीत याला खूश होणं म्हणायचं.

आता खांबांसाठी दप्तरांची गरज उरली नाही. पोरं येत आणि दप्तरं भिंतीशी भिरकावून देत. तिथे ढीग साठायचा. सरांचा माणूस कोण मैदानात आलं ते टिपून घ्यायचा, आणि सगळे आलेले असायचे. आत्याचा हात मोकळा राहिला. ढिगात कोण हात घालतो?

मग सरांनी दुसऱ्या वस्तीच्या संघाशी सामना ठरवला. खुर्च्या मांडल्या, पाहुणे आले. आत्याने झाडून घेतलेल्या डांबरावर कोणीतरी वरून पाणी मारलं, म्हणून ती आधीपासूनच फणफणत होती. “घसरून पोरांचे गुडघे फुटले की पाहुणे फुंकर घालणार का?”

सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला. घोरपडीने दोन चेंडू असे अडवले की पाहुणे खुर्चीतून उठले. तेवढ्यात फाटकातून भाऊ आला. अंगावर पुठ्ठ्याचा भुसा, डोळे लाल. तो कोणाकडे न बघता भिंतीशी गेला, ढिगातून पोरीचं दप्तर ओढून काढलं, गोलासमोर आला आणि सगळ्यांदेखत उलटं केलं.

चिंध्या पडल्या. निळ्या काठाच्या, रुग्णालयाच्या फाटक्या चादरींच्या. धुलाईखान्यातून पुसायला म्हणून मिळायच्या, त्या आत्यानेच घरी आणलेल्या. पुस्तक एकही नाही.

“ही तुझी शाळा, ताई!” भाऊ ओरडला. “माझ्या जोडीचा कारागीर रोज हिला भाजीबाजाराच्या पायऱ्यांवर बघतो. शाळेच्या वेळेला! आणि मी गाढव घरी येऊन विचारतो, काय गं, आज काय शिकवलं? ही सांगते, भूगोल!”

पोरं हसली. आत्याने वळून पाहिलं, हसू जिथल्या तिथे मेलं.

सर धावत आले. “दादा, शांत व्हा. मावशी, हा घरातला विषय आहे, आपण नंतर बोलू. पाहुणे बसलेत. सामना तर होऊ द्या.”

“होणारच आहे,” आत्या म्हणाली. ती घोरपडीपुढे जाऊन उभी राहिली. “हातमोजे काढ.”

“आत्या, आजच्या दिवस...”

“काढ.”

“अहो, तिच्या जागी कोण आहे आपल्याकडे?” सर म्हणाले. “हरतील पोरं!”

“हरू देत. हरल्याने कोणी मरत नाही.”

हातमोजे एका किडकिडीत पोराच्या हातात गेले. ते त्याच्या कोपरापर्यंत येत होते. घोरपड जर्सीसकट भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आत्याने सामना शेवटपर्यंत खेळवला. गोलावर गोल बसत होते, आणि मध्येच एक पोर पाय ओढायला लागलं तर ती कडाडली, “हरायचं तर धावून हर! आळशाला हरायचाही हक्क नाही.” पाहुणे मध्यंतरातच उठून गेले.

संध्याकाळी माळ्यावर दोन्ही दारं उघडी होती आणि तिघंही मधल्या बोळात उभी होती.

“उद्यापासून खोकी,” भाऊ म्हणाला. “शब्द दिला होतास.”

“दिला होता.” आत्या पोरीकडे वळली. “शाळेत काय चावतं तुला?”

घोरपड कोपराची खपली खरवडत म्हणाली, “मला लहान पोरांच्यात बसवतात. ती मला काकू म्हणतात. फळ्यासमोर उभं केलं की मागून म्हणतात, काकूंना खुर्ची द्या.”

भावाचा चेहरा जरा हलला. आत्याचा नाही.

“म्हणू देत. गोलात चेंडू नाकावर बसतो तेव्हा पळून जातेस?”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? तिथे रक्त येतं, इथे तेही येत नाही. आणि चोरी करायची तर अक्कल तरी वापरायचीस. माझ्याच चिंध्या माझ्याच डोळ्यांपुढे ठेवल्यास.”

“तू कुठे बघत होतीस?” घोरपड फणकारली. “जाळी आल्यापासून तू एकदा तरी उचललंस दप्तर?”

बापाने हात उगारला. आत्याने तो वरच्या वर धरला.

“खरं बोलली,” आत्या म्हणाली. “माझं टोक ढिलं सुटलं. चादर तिरकी जाणारच.” मग भावाचा हात सोडून म्हणाली, “तुझा माझ्यावर विश्वास नाही ना?”

“नाही.”

“हिच्यावर?”

“त्याहून नाही.”

“मग दप्तर रोज तू उचल. तुझं गोदाम भिंतीपलीकडेच आहे. चहाच्या सुट्टीत ये. उघड, उपस, काय वाटेल ते कर. एकदा जरी चिंध्या निघाल्या, तर मीच हिला तुझ्या खोक्यांवर आणून बसवते. तोवर ही शाळेत.”

“म्हणजे मी माझा चहा सोडून...”

“एवढीसुद्धा तोशीस नको असेल तर पोरगी माझी. गप्प बस आणि चहा पी.”

भाऊ दात खाऊन म्हणाला, “येईन. बघच तू. आठवड्याच्या आत पकडतो हिला.”

“पकड.”

दुसऱ्या दिवशी आत्याने सगळ्या पोरांना लावून दोन्ही लोखंडी गोल उचलले आणि तोंडं भिंतीकडे करून ठेवले. आधी हात, मग चळत, मग खेळ. सर आले आणि बघतच राहिले.

“मावशी, अहो, हे काय? ज्यांनी हे गोल दिले ते लोक काय म्हणतील?”

“त्यांना म्हणावं दप्तर घेऊन या. भरलेलं असेल तर खेळवते.”

“अहो, दप्तरं आपण वेगळी तपासू! माणूस ठेवू!”

“माणूस होता की. खुर्चीत बसलेला.”

सर पहिल्यांदाच चिडले. “तुम्हाला पोरांचं चांगलं झालेलं बघवत नाही,” म्हणाले. पुढच्या आठवड्यात टेम्पो आला आणि गोल दुसऱ्या वस्तीत गेले. चार पोरंही त्यांच्या मागे गेली. एकाच्या आईने जिन्यावर उभं राहून आत्याचा उद्धार केला. आत्याने तो पूर्ण ऐकला, मग म्हणाली, “झालं? मुलगा तीनच्या पाढ्यात अडतो, ते आधी बघ.” जर्सी मात्र तिने परत दिल्या नाहीत. “घामाचं कापड धुतल्याशिवाय देता येत नाही,” म्हणाली, आणि त्या धुवायची काही वेळ आली नाही.

घोरपड शाळेत गेली. काकू म्हणणाऱ्या एका पोराला तिने मधल्या सुट्टीत चोपला, त्याबद्दल आत्याने तिला भिंतीला उभं केलं. पण गेली.

भाऊ रोज यायचा. चहाचा पेला हातात, भुसा अंगावर. पोरीचं दप्तर उचलायचा, उघडायचा, हात तळापर्यंत घालायचा. पुस्तकं निघाली की त्याचं तोंड कडू व्हायचं. “आज वाचली,” म्हणायचा. “उद्या सापडेल.” घोरपड त्याच्याकडे न बघता हातमोजे चढवायची. तेही परत गेले नव्हते. मग तो दप्तर चळतीवर आपटायचा आणि जायचा.

एकदा असाच आपटून तो फाटकापर्यंत पोचला असेल, तर मागे जोराचा चेंडू आला. चळत हलली, त्याने आपटलेलं वरचं दप्तर खाली आलं आणि चेंडू पलीकडे गेला. झालं. अर्धी पोरं गोल म्हणून नाचायला लागली, अर्धी एकमेकांच्या अंगावर धावली. घोरपड मधोमध उभी राहून, गोल नाही म्हणून, सगळ्यांच्या वर आवाज काढत होती.

“बाहेरून गेला!” फाटकातून भाऊ ओरडला. चहा त्याच्या हातावर सांडला होता. “डोळे फुटलेत का रे? खांबाच्या बाहेरून गेला! मी बघितलं!”

“तुला कोणी विचारलं?” आत्या म्हणाली. “तूच वाकडं ठेवलंस, म्हणून पडलं. इकडे ये, सरळ कर, आणि चालता हो.”

तो शिव्या देत आला आणि त्याने दप्तर सरळ केलं.