शेटजींच्या लेकीचा खडीचा ढीग

"ओव्हरसियर, उद्या माझ्या लेकीला खडी फोडायला बसवा," मोतीचंदशेठ म्हणाले. मला वाटलं, थट्टा करताहेत.

विसावं शतक लागून चारदोन वर्षं झाली होती. निमगाव सावाजवळचं रस्त्याचं काम माझ्याकडं होतं. पाऊस फिरकला नव्हता, शेतं ओस होती, म्हणून सरकारनं काढलेलं काम. हजेरीच्या वहीला आम्ही मस्टर म्हणायचो. ज्याच्या घरात दाणा नाही, त्याचंच नाव मस्टरवर. शेटजी तर नारायणगावचे बडे व्यापारी.

"झालं काय?"

"काल हिनं गाडीतून गुळाचे खडे फेकले. पोरं धुळीत झोंबली. ही हसत होती."

"लहान आहे हो."

"दहाची आहे. आज हसली, उद्या हेच अंगवळणी पडेल."

शेटाणी जडावबाई म्हणाल्या, "एकच दिवस. मीही शेजारी बसते."

नियमात बसत नव्हतं. तरी मी हो म्हणालो.

शेटजींच्या लेकीला, राजुलला, सखूबाईशेजारी बसवलं; जडावबाईही हातोडी घेऊन बसल्या. सखूबाई मेंढरं विकून कामावर आलेली. काल धुळीत तिचंही पोर होतं. ती राजुलकडं पाठ करून खडी फोडत राहिली. दुपारपर्यंत राजुलच्या बोटांना फोड आले. आईनं पाहिलं, पण उठवलं नाही. अखेर सखूबाईनंच पदराची चिंधी फाडून बांधली.

"हातोडी सैल धर, बाय. लई जोर नाय लागत."

तेवढ्यात इंजिनियरसाहेब तपासणीला आले. प्रत्येकाला दिवसाचा ठरावीक ढीग, म्हणजे टास्क, असे.

"मस्टरवर नसलेली माणसं हिचा टास्क भरताहेत. हिचं नाव खोडा!" साहेब सखूबाईकडं बोट दाखवत म्हणाले.

"साहेब, म्या एकलीनं फोडलंय समदं," सखूबाई हात जोडून म्हणाली.

बाजूला उभे असलेले शेटजी पुढं सरसावले, पण त्याआधी राजुल उठली.

"आमची खडी वेगळी आहे. ही माझी, ती आईची. सखूबाईंच्या ढिगात आमचा एक खडा नाही. आईनं सकाळीच बजावलं होतं."

साहेबांनी दोन्ही छोटे ढीग पाहिले. मग पोरीचे हात पाहिले. सखूबाईचं नाव राहिलं.

संध्याकाळी राजुल सखूबाईच्या पोरासमोर जाऊन म्हणाली, "काल माझं चुकलं." कुणी तिला सांगितलं नव्हतं. पुढं काम संपेपर्यंत मायलेकी रोज येऊन बायांची तान्ही सांभाळत.

नियम मोडल्याबद्दल माझ्यावर लेखी ठपका आला, आणि तो योग्यच होता. नंतरच्या नोकरीत कितीतरी श्रीमंत आपल्या मुलांसाठी शब्द टाकायला माझ्याकडं आले. सगळ्यांना हलकं काम हवं होतं. जड काम मागणारा बाप तेवढा एकच.