न वाचता वर केलेला हात

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. कॅनडात, हॅमिल्टनमधल्या आमच्या असोसिएशनच्या बोर्डवर मी रिटायर्ड मेंबरांच्या जागेवर होतो. असोसिएशन पीएसडब्ल्यूंची, म्हणजे पेशंटला उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं हे काम करणाऱ्यांची. शिक्षण माझं सातवी. पण सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही पेशंट पडला नाही.

बोर्डवर एक जागा इंडिजिनस, म्हणजे इथल्या मूळ लोकांसाठी राखीव. डार्लीनने अप्लाय केलं. ती मोहॉक, इथल्या मूळ लोकांपैकी. रिझर्व्हवरच्या, त्यांच्याच वस्तीतल्या क्लिनिकात बारा वर्षं काम. तरी फॉर्म रिजेक्ट. नवा नियम असा, की पाच वर्षं हॉस्पिटलातच काम केलेलं हवं. रिझर्व्हवर हॉस्पिटलच नाही. ही जमीन मूळ लोकांची आहे, हे मात्र आम्ही प्रत्येक मीटिंगच्या सुरुवातीला कागदावरून वाचायचो.

तिने मला फोन केला.

"सुखदेव, या नियमाला तुम्हीपण हात वर केलात?"

"केला."

"का?"

"बघतो," म्हणून मी फोन ठेवला. कारण काय सांगणार? मीटिंगच्या कागदांचं चाळीस पानं इंग्रजी मला झेपत नाही. मी नुसती पानं उलटायचो. शेजाऱ्याचा हात वर गेला की माझाही. विचारायची लाज वाटायची.

बायको ऐकत होती. "जयंतीला स्टेजवर प्रतिनिधित्वावर तासभर बोलता. अन् इथं दुसऱ्याची जागा न वाचता घालवली? शाब्बास!"

आमच्याकडे पास झालेला ठराव पुन्हा उघडायचा, तर त्याला 'हो' म्हटलेल्यानेच उघडायचा, अन् कारणही द्यायचं. बाकी कोणी तयार नव्हतं. पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो, अन् हा नियम पुन्हा उघडा म्हणालो. डार्लीन मागे बसली होती.

चेअर मार्गारेट भली बाई. म्हणाली, "त्या दिवशी चष्मा विसरला असाल, हो ना?"

मी खिशातून चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चष्मा होता. मला समजलं नव्हतं, अन् मी ते बोललो नाही. म्हणून हिची जागा गेली."

मग एकजण खाली बघत म्हणाला, "पूर्ण तर मीपण वाचलं नव्हतं."

पाच विरुद्ध तीन. क्लिनिकचं काम धरायचं ठरलं. डार्लीनचा फॉर्म घेतला.

बाहेर ती म्हणाली, "थँक यू म्हणणार नाही. जागा आमचीच होती."

बरोबर बोलली.

पेशंटला उचलायच्या आधी आम्ही चार्ट बघतो. हात वर करायच्या आधीही बघायला हवं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला ऑफिसला फोन लावला. म्हटलं, "पुढचे कागद आठ दिवस आधी पाठवा. अन् मला समजेल अशा इंग्रजीत लिहा."