देवरावकाकांवर न पडलेलं ऊन

हे लिहावं की नाही, यातच चार महिने गेले. मी अकोल्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. धम्मदीक्षा घेतल्यावर आमच्या आजोबांनी घरातले गंडे-ताईत स्वतःच्या हाताने नाल्यात सोडले होते. तेव्हापासून आमच्याकडे शकुन-अपशकुन, भूत-बित यांची फक्त टिंगल होते. मीही ती केली आहे, अगदी वर्गातसुद्धा. त्यामुळे कुणी 'भास झाला असेल' म्हणालं तर मला राग येणार नाही... मी स्वतःलाही आधी तेच सांगितलं होतं.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांचे फोटो काढणं हा माझा छंद. तेही उघड्यावर, संध्याकाळी. त्या वेळी उजेड मिनिटामिनिटाला बदलतो आणि कलाकार काही तुमच्यासाठी थांबत नाही, म्हणून मजा येते.

परतवाड्याच्या पुढे, जिथे मेळघाटचे डोंगर सुरू होतात, तिथल्या एका मैदानावर लोकसंगीताचा कार्यक्रम होता. ऑक्टोबर संपत आलेला. आयोजक ओळखीचे, म्हणून फोटो मीच काढणार होते. स्टेजचं तोंड पश्चिमेला, म्हणजे मावळतीचं ऊन थेट कलाकारांच्या तोंडावर. लोखंडी पाइपांचा सांगाडा, त्यावर प्लायवूड आणि वर सतरंजी. दुपारी पावसाची एक सर येऊन गेल्याने सतरंजी अजून ओलसर होती. सूर्य बुडाला की स्टेजचे लाइट लावायचे, असं ठरलेलं.

पाच वाजता पातूरकडची एक मंडळी भीमगीतं गायला बसली. गाणाऱ्या सुमनताई, ढोलकीवर त्यांचे पती देवरावकाका, आणि साथीला आणखी तिघं. आधी चहा पिताना काका मला म्हणाले होते, "मॅडम, माहा फोटो चांगला काढजा बरं. सारे गानारीचेच काढतेत. ढोलकीवाल्याले कोन पायते?"

"मंग वाजवताना तोंड वर करत जा न!" सुमनताई हसल्या.

पहिले वीसेक फोटो काढून मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर पाहिले. सुमनताई, हार्मोनियमवाले, कोरसवाले... सगळ्यांच्या तोंडावर सोनेरी ऊन. काका मात्र अंधारात. जणू एका ढगाची सावली फक्त त्यांच्यावर पडली होती. ते उजव्या कोपऱ्यात, सांगाड्याच्या वर आलेल्या लोखंडी पाइपाला पाठ टेकून बसले होते. मी कॅमेरा खाली करून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांच्या कपाळावर ऊन होतं. घाम चमकत होता.

सेटिंग तपासली. लेन्स पुसली. जागा बदलून डाव्या बाजूने काढले, मग अगदी स्टेजला टेकून काढले. तेच.

एक खरा ढग सूर्याच्या आड आला. सगळं स्टेज करडं झालं आणि माझ्या स्क्रीनवर काका जवळजवळ काळे. ढग सरकला, बाकीचे पुन्हा उजळले... काका नाही. मी मागचे फोटो ओळीने पाहिले. पहिल्या फोटोत त्यांचे डोळे दिसत होते. दहाव्यात फक्त नाक आणि हनुवटीची कड. शेवटच्या फोटोत गळ्यातला निळा गमछासुद्धा दिसत नव्हता. नुसता माणसाचा आकार, ढोलकीवर हात असलेला.

खिशातून मोबाइल काढला. कॅमेरा बिघडला असेल, मोबाइल तर वेगळा आहे! मोबाइलमध्येही तेच.

सूर्य डोंगरापासून वीतभर वर राहिला होता. साउंड-लाइटवाले रफिकभाई उठून स्टेजशेजारच्या बोर्डाकडे निघाले. का ते सांगता येणार नाही, पण मला आतून एकच वाटत होतं — सूर्य बुडेपर्यंतच वेळ आहे.

पण सांगणार काय? 'काका, तुम्ही फोटोत काळे येता, खाली उतरा'? मी धावत रफिकभाईंना गाठलं आणि सरळ खोटं बोलले. "भाई, स्टेजच्या कोपऱ्यात ठिणगी उडाली! काकांच्या मागे! आत्ता पाहिली मी!"

त्यांनी हात वर करून कार्यक्रम थांबवला. गाणं अर्ध्या ओळीवर तुटलं. लोक ओरडायला लागले. काका भडकले. "काहून थांबवून राहिल्या मॅडम? आत्ता कुठं रंगात आलं होतं!"

"काका, दोन मिनिटं खाली या. हात जोडते तुम्हाला."

ते पुटपुटत उतरले. तीनशे माणसं माझ्याकडे पाहत होती. आता काहीच निघालं नाही तर? मी रडायच्या बेतात होते.

रफिकभाई टॉर्च घेऊन स्टेजखाली वाकले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते थेट बोर्डाकडे गेले आणि मेन स्विच पाडून मगच बोलले. स्टेजच्या लाइटची केबल त्या कोपऱ्यातल्या लोखंडी पायाखाली चेंगरली होती. वरचं रबर फाटून उघडी तार पाइपाला चिकटली होती. ज्या पाइपाला काका पाठ टेकून, ओल्या सतरंजीवर अनवाणी बसले होते, त्याच पाइपाला.

आयोजक मटकन खुर्चीत बसले. सुमनताई स्टेजवरून उतरल्या, काकांचं मनगट धरलं आणि मग सोडलंच नाही.

थोड्या वेळाने रफिकभाईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, एक बात पूछूँ? चिंगारी आपने देखी?"

"हो..."

"कैसे देखी? लाइट की लाइन तो मैंने चालू ही नहीं की थी. उसमें करंट ही नहीं था. ये गाना खतम होते ही चालू करनेवाला था."



केबल बदलली, स्टेजचे पाय कोरड्या लाकडी फळीवर घेतले. मंडळी पुन्हा बसली, काका या वेळी सुमनताईंच्या डाव्या हाताला. सूर्य गेला होता, लाइट अजून लागायचे होते, आभाळात नुसती लाली उरली होती. मी एकच फोटो काढला. पडत्या उजेडातही काकांचा चेहरा स्वच्छ आला होता. तोंड वर करून वाजवत होते.

माझ्या विभागातल्या एका सरांना मी सगळ्या मूळ फाइल दाखवल्या. ते दोन तास बसले. सेन्सर ठीक, एक्सपोजर सगळ्यांना सारखं, सावली पडावी असं समोर काही नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "एडिट केलेत ना मॅडम? सांगून टाका." त्याच कॅमेऱ्याने नंतर मी शेकडो फोटो काढून पाहिले. काही दोष नाही.

मग एका रविवारी मी काकांच्या घरी गेले आणि खरं सांगितलं, की ठिणगी-बिणगी काही नव्हती. फोटो पुढे ठेवले. त्यांनी एकेक फोटो हळूहळू पाहिला.

"त्या टायमाले मले थंडी वाजून राहिली होती," ते म्हणाले. "उन्हात बसलो होतो तरी. हातापायातून. मी कोनाले सांगितलं नाई."

"पुसून टाक ते फोटो, बाई," सुमनताई आतून म्हणाल्या. मी पुसलेले नाहीत. जपून ठेवून काय करणार आहे, तेही मला माहीत नाही.

मागच्या आठवड्यात आई म्हणाली, "एवढ्या लोकायचे फोटो काढत फिरतं, माहा एक काढ न." नवी साडी नेसून, केस विंचरून ती गॅलरीत कोवळ्या उन्हात येऊन बसली. मी कॅमेरा आणला, लेन्सचं झाकण काढलं. ती माझ्याकडे पाहून हसत होती.

"बॅटरी संपली गं," मी म्हणाले.

बॅटरी पूर्ण भरलेली होती.