वजनी गटात बसलेली वैशाली

डॉक्टरांनी कागदावर ‘डिप्रेशन’ लिहिलं आणि मला विचारलं, “मुलीचं वजन सहा किलोनं उतरलं. कुणाच्या लक्षात आलं नाही?”

माझ्या लक्षात आलं होतं. मी त्यावर टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

मी रामनगरला मुलींना कबड्डी शिकवते. सोळा वर्षांची वैशाली डोंगरातल्या कुणबी घरातली, आमची सगळ्यात चपळ चढाईपटू. कबड्डीत वजनाची मर्यादा असते, म्हणून दर रविवारी बाजारातल्या तांदळाच्या काट्यावर मी मुलींना उभं करायचे. तिचं वजन उतरत गेलं. तिची आई सांगायला आली, “पोरगी जेवत न्हाई, अक्का. झोपत बी न्हाई.”

मी म्हटलं, “बरंच हाय की मावशी, गटात बसली.”

मग एका सरावात ती चढाईला गेली आणि मध्येच थांबली. “अगे, देवाला हात जोडून उभी ऱ्हायलीस काय?” एकजण ओरडली आणि मुली हसल्या. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “मी नसले तरी टीम हुईल की, अक्का.”

मी घाबरले. दुसऱ्या दिवशी तिला आणि आईला घेऊन बसनं बेळगाव गाठलं. दवाखान्यात तीन तास बाकावर बसलो. आई एकच पुटपुटत होती, “आमच्यात कुणाला वेड न्हाई.”

“हे वेड नव्हे, आळसही नव्हे,” डॉक्टर म्हणाले. “डिप्रेशन म्हणजे मन इतकं खचतं की भूक, झोप, जगायची ओढ जाते. उपचार आहे.” मग त्यांनी वैशालीला सरळ विचारलं, “मरावंसं वाटतं?”

“व्हय.”

आईनं पदर तोंडात धरला.

“गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर हिला एकटी सोडू नका. आणि हा प्रश्न तुम्हीही विचारत राहा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही.”

प्रशिक्षकांनो, पोरींचं वजन मोजता, तर त्या जेवल्या का तेही विचारा. आई सांगायला आली तर तिला खुर्ची द्या. मी तिला उभ्या उभ्या परत पाठवलं. हे लपवलं तर तुम्हाला शहाणपण सांगायचा मला हक्क नाही.

स्पर्धेत संघ तिच्याविना खेळला आणि हरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी ती घरी होती, आईशेजारी, जिवंत.

गोळ्या चालू आहेत. ती मैदानावर येते, कधी खेळते, कधी नुसती बसते. मी रोज डॉक्टरांचा तोच प्रश्न विचारते. दोन महिने उत्तर यायचं, “थोडं.”

परवा ती म्हणाली, “आज न्हाई.”

ती चपला घालून निघाली, आणि वळून म्हणाली, “उद्या बी विचार, अक्का.”