खोगिराची पिशवी

काल बॅग शिवायला टाकली. दुकानातल्या चामड्याच्या वासानं मी थेट जर्मनीत, ड्रेस्डेनला पोचलो, पीएचडीच्या वर्षांत. आई भेटायला आली होती. घरमालकीणबाईंनी आम्हाला केक खायला बोलावलं आणि त्यांच्या पणजोबांची दोन कप्प्यांची खोगिराची पिशवी दाखवली. ते अमेरिकेत प्रेस्बिटेरियन पंथाचे पाद्री होते, घोड्यावरून गावोगाव फिरायचे.

“एका कप्प्यात बायबल, दुसऱ्यात औषधं,” मी आईला मराठीत सांगितलं.

बायबलचा कप्पा अजून ताठ होता. औषधांचा मात्र हात घालून घालून झिजलेला, डागाळलेला.

“केवढ्यांना उठवून बसवलं असेल रे यांनी!” आई म्हणाली.

चामड्याला नुसतं बोट लागलं तरी हात धुणारी माझी आई. तिनं त्या झिजलेल्या कप्प्याला हात लावून तो कपाळाला लावला, आणि त्याच हातानं केक उचलला.