कसर लागू नये म्हणून

वाचनालयात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. पुस्तकं परत येतात, त्यांच्याबरोबर किस्सेही येतात. पुस्तकं तेवढी धड येत नाहीत. दुष्काळाच्या त्या वर्षांत मी केडगावच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होते आणि रोज डोकं फिरायची वेळ यायची.

*

नागापूरच्या कारखान्यातला एक फिटर दर आठवड्याला कादंबरी न्यायचा. परत येताना पानापानावर ग्रीसचे अंगठे. म्हटलं, "अहो, जरा हात धुऊन वाचत जा."

"बाई, प्यायला टँकरची वाट बघतोय आमी. पुस्तकाला कुठून आनू पानी?"

पुढचं पुस्तक मात्र स्वच्छ आलं. फक्त प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर बारीक दात उमटलेले. पठ्ठ्यानं पानं पकडीनं उलटली होती!

*

एका निवृत्त गुरुजींनी कादंबरी लाल पेन्सिलीनं तपासून आणली. शेवटच्या पानावर 'नापास' आणि खाली सही.

"गुरुजी, वाचायला दिली होती."

"वाचल्याशिवाय नापास करत नाही मी कुणाला."

*

मग मीच शहाणपणा केला. कसर, म्हणजे पानं कुरतडणारा तो रुपेरी किडा, लागू नये म्हणून पुस्तकात कडुनिंबाचा पाला ठेवा, असं येईल त्याला सांगत सुटले. आठ दिवसांत एक पुस्तक अर्धंच परत आलं.

"तुमी सांगितला तसा पाला ठेवला हुता," आणणारी बाई म्हणाली. "शेळीनं बघितला."

चारा कुठंच नव्हता. शेळीला तरी काय बोलायचं?

आमचे अध्यक्ष तात्या मात्र भडकले. नवंकोरं कुलूप आणून त्यांनी माझ्या टेबलावर आदळलं. "आता एक जरी पुस्तक नासलं, तर कपाटं बंद. घरी न्यायचं न्हाई कुनी."

कपाटं बंद झाली की वाचणारे तुटणार, आणि पुस्तकं आयती वाळवीला मिळणार.

*

महिन्याभरानं तात्या स्वतः आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं, कागदातून तेल झिरपलेलं. आत त्यांनी आईसाठी नेलेल्या कादंबरीचा पहिला भाग. एकूण एक पान एरंडेलानं चोपडलेलं.

"आई गव्हाला लावत हुती," तात्या खाली बघत म्हणाले. "वर्षभर किडा लागत न्हाई. म्हनून यालाही लावलं तिनं."

मी ते कुलूप त्यांच्यापुढे सरकवलं.

तात्यांनी ते उचलून खिशात टाकलं. "दुसरा भाग हाय का? आई वाट बघती तिकडं."