तळ्याला दार

किस्से कुणी ठरवून करत नाही. हसनाबादला आमच्या गंगाधरच्या हॉटेलात रोज सकाळी आम्ही चहाला बसतो, आणि ते आपोआप साठतात. कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटसारखे! कुणी उचलून नेत नाही, म्हणून वाढतच जातात. त्यातले रफिकभाईच्या सर्फिंगचे तेवढे सांगतो.

हो, सर्फिंग! जालना जिल्ह्यात! खारं पाणी म्हटलं की समुद्र नाही, फसलेला बोअर आठवतो आम्हाला.

* * *

रफिकभाई आमचा फर्निचरवाला. हाताला कला, पण तारखेला खोटा. दिवाळीचं कपाट संक्रांतीला आलं तरी लोक म्हणतात, यंदा लवकर दिलं! मागच्या वर्षी तो कोकणात समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या कामाला गेला आणि आला तो नवीनच गोष्ट घेऊन. तिथले पाहुणे म्हणे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येतात. मालकाने एकदा यालाही फळी दिली.

"आन् मी उभा राह्यलो ना, शेषूभाऊ! लाटेवर! बिलकुल सीधा!"

शेषूभाऊ म्हणजे मी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, शंका घेणं हा माझा धंदाच.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पडेपर्यंत!"

कोपऱ्यात तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमच्या बंडूचे वडील, गावातल्या सगळ्यात जास्त म्हशींचे मालक. हॉटेलात कुठली गोष्ट खरी आणि कुठली थाप, हे तेच ठरवतात. त्यांनी बशी खाली ठेवली.

"अरे, भोकरदनच्या एसटीत दांडा धरून तुला उभं राहता येत न्हाई. समुद्रात काय धरून राह्यल्ता?"

झालं! त्या दिवसापासून रफिकभाईचं नाव पडलं 'लाटवाला'.

* * *

आम्ही चिडवत होतो आणि त्याला ते लागत होतं, हे आम्हाला जरा उशिरा कळलं. एकदा मी त्याच्या घरी मोटार बसवायला गेलो. भाभी पाणी देता देता त्याला म्हणाली, "छोडो ना अब. मान लो झूठ था. लोग हँसते हैं."  रफिकभाई नुसता रंधा मारत राहिला. तारखांवरून शिव्या खाऊन हसणारा माणूस तो, पण त्या दिवशी त्याचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात येऊन तो तात्यांना म्हणाला, "आपल्या तळ्यात उभा राहून दाखवतो. मंग?"

"मंग मी सोता इथं उभा राहून सगळ्यांला सांगीन. न्हाई राह्यलास, तर या हॉटेलात लाट काढायची न्हाई. जल्मभर!"

"बराबर," रफिकभाई म्हणाला.

* * *

आता फळी. कुणा गिऱ्हाइकाने परत केलेला एक फ्लश डोअर त्याच्याकडे पडून होता. चौकटीपेक्षा आखूड भरला होता. त्याने तो टोकाला गोल केला, खाली थर्माकोल चिकटवलं, कुलपासाठी पाडलेल्या भोकातून दोरी ओवून घेतली. मोटारसायकलवर मी पुढे, मागे तो दार धरून. स्टँडवर एकाने विचारलं, "रफिकभाई, दार कुठं लावून राह्यले?"

"तळ्याला!"

बंडूच्या दारावरून जाताना काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने, आम्हाला थांबवलं. आमच्याकडे नवीन दार बसवायचं तर आधी त्याला हळद-कुंकू लागतं, नारळ फुटतो. काकू ताट घेऊनच बाहेर आल्या.

"काकू, मी फक्त पाण्यात नेऊन राह्यलो," रफिकभाई म्हणाला.

"पाण्यात का व्हईना, दार हाये ना? तसंच नेऊ न्हाई!"

जगात कुठल्याही सर्फबोर्डला आंब्याचं तोरण लागलं नसेल. आमच्याला लागलं.

* * *

पण तळ्यात लाट कुठून आणायची? मोबाईल म्हणत होता वारा सुटणार. आम्ही काठावर बसलो. सुटला तो फक्त बंडूला घाम.

मग बंडूच्याच डोक्यातून निघालं. म्हशी! सकाळपासून पाणी दाखवायचं नाही, मग तळं दिसलं की त्या धावत सुटतात आणि सगळ्या मिळून पाण्यात पडल्या की लाट उठते. कोकणात लाट काठाकडे येते, आमच्याकडे काठावरून निघते, एवढाच फरक. तात्यांनी म्हशी द्यायला खळखळ केली नाही. "न्या. थाप एकदाची बुडाली म्हंजे मिटलं," ते म्हणाले.

म्हशी धावल्या, लाट उठली, रफिकभाईचा पाय फळीवर पडला आणि तो सपशेल आडवा! कारण? पॉलिश! लाकूड हातात आलं की पॉलिश मारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. त्यात तोंड दिसत होतं, पाय ठरत नव्हता!

"अरे, कुणी सांगितल्तं चमकवायला?" मी ओरडलो.

"माझ्या दुकानातून बिना पॉलिशचं दार कसं जाईल, शेषूभाऊ?"

आम्ही त्यावर सोयाबीनचं बारदान ठोकलं. पण तोवर म्हशी पाण्यात बसल्या होत्या. आणि पाण्यात बसलेली म्हैस उन्हं कलल्याशिवाय कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणजे दिवसाला लाट एक!

* * *

म्हणून शुक्रवारी सकाळी बंडूने आळीतल्या म्हशींचे नंबर लावले. एका घरच्या बसल्या की दुसऱ्या घरच्या सोडायच्या. बातमी फुटली आणि बांधावर ही गर्दी! केदारखेड्याहूनसुद्धा लोक आले. सगळ्यांचे मोबाईल वर.

पहिल्या लाटेला रफिकभाई गुडघ्यावर आला आणि गेला. दुसरी लाट त्याला मागे ठेवून एकटीच पुढे गेली. तिसऱ्या वेळी म्हशी काठावरच थांबल्या आणि गर्दीकडे पाहत बसल्या. चौथ्या वेळी एक म्हैस लाटेच्याही आधी फळीपाशी पोचली. ऊन चढलं. लाटा वीतभर, वाट कोसभर. लोक जांभया द्यायला लागले. रफिकभाईचे ओठ निळे पडले होते, पण तो बाहेर येईना. मला तर रडायला यायला लागलं होतं.

शेवटी तळ्यात म्हशीच म्हशी झाल्या. सोडायला एकही उरली नाही. "खलास!" बंडू म्हणाला. तेवढ्यात गंगाधर किटली घेऊन बांधावर आला आणि सगळी गर्दी तिकडे वळली. मीसुद्धा. गरम चहासमोर कसली लाट!

मागे धाडकन आवाज झाला. आम्ही वळून पाहिलं. तात्यांबरोबर नुसती बघायला आलेली त्यांची म्हातारी म्हैस, जी घरी बादलीतच पाणी पिते आणि तळ्यात कधी म्हणून उतरत नाही, ती दावं तोडून पाण्यात, सगळ्या म्हशींच्या मधोमध पडली होती. तुटलेलं दावं हातात धरून तात्या काठावर उभे, तोंड तळ्याकडे. रफिकभाई पाण्यात, फळी उलटी.

"पाह्यलं का? कुणी पाह्यलं का?" तो ओरडत होता.

आमच्या सगळ्यांच्या हातात चहा. एकानेही पाहिलं नव्हतं. एकाही मोबाईलमध्ये काही नाही! तात्या तुटकं दावं खांद्यावर टाकून घराकडे चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी रफिकभाई हॉटेलात आला नाही. तात्या आले. रोजच्या बाकड्यावर बसलेच नाहीत. टोपी नीट केली आणि मधोमध उभे राहिले.

"काल रफिक उभा राह्यल्ता. लाटेवर. म्या पाह्यलं."

 आणि जो हशा उठला! गंगाधरच्या हातातली किटली हलायला लागली. बंडू डोळे पुसत म्हणाला, "तात्या, तुमीबी? बरं, किती वेळ?"

तात्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"पडेपर्यंत!"